पळालेला युद्धगुन्हेगार शेवटी मरतो, ही सिनेमावाल्यांची पळवाट आहे का?

खामलेकर
जरा लांब लिहितो, चालवून घ्या. आमच्या इकडच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये शनिवारी प्रोजेक्टर लावून 'द स्ट्रेंजर' दाखवला. १९४६ चा, ऑर्सन वेल्सचा, डायरेक्टर तोच आणि व्हिलनही तोच. शेवट सांगणार आहे, आजोबांच्या जमान्यातला पिक्चर आहे, स्पॉयलर स्पॉयलर करून बोंबलू नका.

फ्रान्झ किंडलर नावाचा बडा नाझी अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या हार्पर नावाच्या गावात चार्ल्स रँकिन या नावानं मास्तर होऊन बसलाय. मागचे सगळे पुरावे नष्ट करून आलाय, त्याच्याबद्दल एकच गोष्ट माहीत आहे, बाबाला जुन्या घड्याळांचं वेड. युद्धगुन्हे आयोगाचा विल्सन, म्हणजे एडवर्ड जी. रॉबिन्सन, त्याच्या जुन्या साथीदाराला, माइनिकेला, मुद्दाम जेलमधून सुटू देतो, म्हणजे हा पळत पळत साहेबाकडंच जाईल. जातोच तो. पण माइनिके आता देवभक्त झालेला, तो म्हणतो कबूल कर, पश्चात्ताप कर. किंडलर जंगलात त्याच्यासोबत गुडघे टेकतो प्रार्थनेला आणि प्रार्थना चालू असतानाच गळा आवळतो. शाळेची पोरं तिकडंच कागद टाकत धावायचा खेळ खेळून राहिली आहेत, आणि हा पाला-पाचोळा ओढून प्रेत झाकून राहिलाय. त्याच दिवशी याचं लग्न, आणि पोरगी कोणाची, तर सुप्रीम कोर्टाच्या जजची!

इथवर एक नंबर. पण शेवटी काय, तर हा गावातल्या चर्चच्या मनोऱ्यावर लपतो, गोळीबार होतो, घड्याळातून फिरणाऱ्या पुतळ्याच्या तलवारीत अडकतो, आरपार, आणि वरून खाली. खलास. हॉलमध्ये टाळ्या.

मला त्या टाळ्यांचा राग आला. हजारो माणसं मारायचं प्लॅनिंग ज्यानं केलं तो एका घड्याळानं मेला. कोणाला काही ठरवावं लागलं नाही, कोणाला फाशीच्या कागदावर सही करावी लागली नाही, त्याला कोणी प्रश्न विचारला नाही. असल्या पिक्चरची जाहिरात नेहमी अशी की गुन्हेगाराला त्याचा भूतकाळ गाठतो. अहो कुठं गाठतो? खऱ्यात तरी गाठला का? ज्यूंना छावण्यांत पाठवायची व्यवस्था पाहणारा नाझी अधिकारी आइकमन जेरुसलेमला काचेच्या पिंजऱ्यात बसून सांगत राहिला की मी यंत्रातला छोटासा भाग होतो. फ्रान्समधल्या लिऑनचा गेस्टापो प्रमुख क्लाउस बार्बी १९८७ ला तिथल्याच कोर्टात तिसऱ्याच दिवशी म्हणाला मी येतच नाही, आणि पुढचा खटला जवळपास सगळा त्याच्याविनाच चालला. नाझी अधिकारी एरिक प्रीबके, ज्याच्या नावावर रोमजवळच्या आर्देआतीन गुहांमध्ये मारलेली ३३५ माणसं, तो अर्जेंटिनात बारिलोचेला स्वतःच्या खऱ्या नावानं राहत होता, जर्मन शाळेचा कारभार पाहत होता, १९९४ ला टीव्हीवाल्यानं रस्त्यात गाठलं तर म्हणे ऑर्डर होती. २०१३ ला शंभरीचा होऊन मेला, माफी नाहीच.

माझं मत असं की हे लोक भूतकाळाला तोंड देतच नाहीत. ते काम त्यांच्या बायकोच्या, पोरांच्या, शेजाऱ्यांच्या गळ्यात पडतं. 'द स्ट्रेंजर' मध्येही खरी फरफट मेरीची आहे, त्याच्या बायकोची. पण क्लायमॅक्स दिला मनोऱ्याला. बोला आता.

तर्रीपोहे_एक्स्ट्रा
भाऊ तुमाले पिक्चर पाहाचा होता का तारीख पे तारीख पाहाची होती? थ्रिलर हाय तो. थ्रिलरचं काम घाम फोडनं. जेवनाच्या टेबलावरचा सीन आठवा ना, हा हुशारी मारून राहिला जर्मन लोकं कसे सुधरूच शकत नाई वगैरे, विल्सनले वाटते हा तर जर्मनायचा दुश्मन दिसते, आपला मानूस नोय. मंग मेरीचा भाऊ मार्क्सचं नाव काढते, आन हा बोलून जाते का मार्क्स कायचा जर्मन, तो तं ज्यू होता. विल्सन रात्री झोपल्यावर दचकून उठते. येवढ्या एका वाक्यावर मानूस पकडला राजेहो! आन तो टेलिफोन बूथमदी बोलता बोलता कागदावर स्वस्तिक काढते आन मंग घाईघाईनं खोडते, तो सीन पाहून माह्या अंगावर काटा आलता. आन तुमी म्हनता शेवट खराब. १९४६ चे लोकं लढाईतून आलते, कोनाचा पोरगा गेला कोनाचा भाऊ गेला. त्याहिले काय सांगता, आता थांबा, साक्षीदार नंबर ४० येऊन राहिला? तलवार आरपार पाहिजेच होती.

काळा_कोट_नागपूर
खामलेकर, तुमच्या अर्ध्या म्हणण्याशी सहमत, अर्ध्याशी अजिबात नाही. खटला चालायला पाहिजे होता हे बरोबर. पण तुम्ही खटल्याकडून पश्चात्तापाची अपेक्षा करून राहिले, तिथं चुकता. आरोपी रडला पाहिजे हे कोणत्या कायद्यात लिहिलंय? आमच्या इथं खंडपीठात रोज अपिलं चालतात, कोण रडतो? खटला असतो नोंदीसाठी. आइकमनच्या खटल्यात शंभराच्या वर साक्षीदार उभे राहिले, त्यातले किती तरी छावण्यांतून वाचलेले, ज्यांनी वर्षानुवर्षं घरीसुद्धा तोंड उघडलं नव्हतं. आइकमन काय म्हणाला ते सोडा, ते काय म्हणाले ते कागदावर आलं.

आणि मनोऱ्यावरून पाडण्यात काय नुकसान होतं ते पाहायचं असेल तर हर्बर्ट्स सुकुर्सचं प्रकरण पाहा. लाटव्हियाचा नावाजलेला वैमानिक, रिगातल्या ज्यूंच्या कत्तलीत सामील असल्याचा आरोप, पळून ब्राझीलला गेला, १९६५ मध्ये मोसादनं, म्हणजे इस्राएलच्या गुप्तहेर खात्यानं, त्याला उरुग्वेत बोलावून मारलं. खटला झालाच नाही. परिणाम काय, तर लाटव्हियात अजूनही त्याची बाजू घेऊन भांडणारे लोक आहेत, म्हणे दोष सिद्ध कुठं झाला.

सिनेमात तुम्हाला खात्री असते. त्याला माइनिकेचा गळा दाबताना तुम्ही स्वतः पाहिलेलं असतं. खऱ्यात ही सोय नसते. डेम्यान्युक म्हणून ओहायोतला कार कारखान्यातला कामगार, युक्रेनचा. त्याला १९८६ ला इस्राएलला नेला, ट्रेब्लिंका छावणीतला क्रूर पहारेकरी 'इव्हान द टेरिबल' हाच म्हणून वाचलेल्या लोकांनी कोर्टात ओळखला, १९८८ ला फाशी सुनावली. आणि १९९३ ला त्यांच्याच सुप्रीम कोर्टानं सोडला, कारण सोव्हिएत कागदांतून दुसऱ्याच माणसाचं नाव पुढं आलं. पुढे म्युनिकला २०११ मध्ये हाच माणूस दोषी ठरला, पण वेगळ्या छावणीसाठी, सोबिबोरसाठी, २८,०६० खुनांना मदत केली म्हणून. अपील चालू असताना २०१२ ला मेला. आता सांगा, याच्यावर पिक्चर काढला तर तलवार कोणत्या मिनिटाला आरपार करायची?

तर्रीपोहे_एक्स्ट्रा
वकीलसाहेब, तुमी तलवारीलेबी स्टे आनान.

उत्तर_नागपूर_७७
कोर्टाचं कौतुक चालू आहे म्हणून बोलतो. आम्ही कस्तुरबानगरच्या जवळचे. १३ ऑगस्ट २००४ ला इथं जिल्हा कोर्टात काय झालं ते नागपुरात कोणाला सांगायची गरज नाही. अक्कू यादवनं किती वर्षं वस्तीला छळलं, बायांनी किती वेळा तक्रारी केल्या, तो किती वेळा आत जाऊन बाहेर आला. शेवटी बायांनी त्याला कोर्टातच संपवला. अख्खी वस्ती म्हणायला लागली आम्हाला सगळ्यांना अटक करा. २०१४ मध्ये सगळे आरोपी सुटले, पुरावा नाही म्हणून. मी ते बरोबर झालं का चूक यात पडत नाही. पण ज्याच्या दारात कधी असा माणूस आला नाही त्यानं हॉलमध्ये खुर्चीत बसून टाळ्यांचा राग करायचा, हे मला पटत नाही. टाळी वाजवणाऱ्याला कायदा समजत नाही असं नसतं. त्याचा कायद्यावरचा भरोसा आधीच उडालेला असतो.

खामलेकर
भाऊ, तुमचा मुद्दा मनावर घेतला. पण मी टाळ्या वाजवणाऱ्यांना नाही, टाळी वाजेल असा शेवट ठेवणाऱ्याला बोलून राहिलो. कस्तुरबानगरच्या बायांनी जे केलं ते त्यांनी केलं, त्यांनी म्हटलं आम्ही केलं, जबाबदारी घेतली. पिक्चरमध्ये कोणी घेत नाही ना. मेरीच्या हातात पिस्तूल येतं, ती गोळ्या झाडते, पण शेवटचं काम पुतळ्यानं करायचं, कारण हिरॉईनच्या हाताला रक्त लागलं नाही पाहिजे. तिनं मारला असता तरी मी गप बसलो असतो.

काळा_कोट_नागपूर
उत्तर नागपूर, आदर ठेवून एक फरक दाखवतो. अक्कू यादव पळालेला नव्हता. त्याचा पत्ता वस्तीला माहीत होता आणि पोलिसांनाही. यंत्रणेनं माहीत असून केलं नाही. पिक्चरमधला विल्सन म्हणजे त्याच्या उलट, सरकार स्वतः मागं लागलंय, माणूस जगाच्या पाठीवर कुठंही जाऊ दे. सूड घ्यायची वेळ येते ती पहिल्या प्रकारात. दुसऱ्या प्रकारात यंत्रणा काम करून राहिली असताना लेखकानं मध्येच मनोरा आणायचं कारण काय?

अंबाझरी_ओव्हरफ्लो
यंत्रणा काम करून राहिली! वा. विल्सनसारखा माणूस अमेरिकेनं कधी ठेवला होता हो? जरा इतिहास काढा. तुमचा तो बार्बी, लिऑनचा खाटीक, युद्ध संपल्यावर अमेरिकन लष्कराच्या गुप्तहेर खात्यानंच पगारावर ठेवला आणि फ्रान्स मागायला लागल्यावर बोलिव्हियाला पाठवून दिला, तिथं तो क्लाउस आल्टमान झाला. १९८३ ला अमेरिकेनं फ्रान्सची माफी मागितली, तीस-बत्तीस वर्षांनी. जर्मनीचा रॉकेट शास्त्रज्ञ फॉन ब्राउन, त्याची व्ही-२ रॉकेटं ज्या बोगद्यांत गुलाम कैद्यांकडून बनवून घेतली तिथं हजारो मेले, आणि तो पुढे अमेरिकेत सॅटर्न रॉकेटचा हिरो. जपानचा शिरो इशी, युनिट ७३१ वाला, जिवंत माणसांवर प्रयोग करणारा, त्याला अमेरिकेनं प्रयोगांचा डेटा घेऊन माफच करून टाकलं, खटलाच नाही.

म्हणून मला हे पिक्चर बघवत नाहीत. हरलेल्याचा गुन्हेगार पळाला तर थ्रिलर, जिंकलेल्याचा असला तर त्याला पळावंच लागत नाही. आपले न्यायाधीश राधाबिनोद पाल जपानी नेत्यांवरच्या टोकियोच्या खटल्यात एकटे उभे राहिले आणि म्हणाले सगळे निर्दोष, हा जेत्यांचा न्याय आहे. त्यांच्यावर काढा पिक्चर.

काळा_कोट_नागपूर
पालांचं नाव घेतलंत तर पूर्ण घ्या. त्यांनी आरोपींना निर्दोष धरलं ते कायद्याच्या मुद्द्यावर, की आक्रमक युद्ध हा तेव्हा गुन्हा म्हणून अस्तित्वातच नव्हता, आणि नेत्यांचा कट सिद्ध झाला नाही. पण जपानी फौजांनी अत्याचार केले याचा पुरावा प्रचंड आहे हे त्याच निकालपत्रात त्यांनी स्वतः लिहिलंय. लोक पहिलं वाक्य घेऊन पळतात, दुसरं तिथंच ठेवतात. आणि इशी सुटला म्हणून किंडलरलाही सोडा, हे लॉजिक माझ्या अशिलांनीसुद्धा कधी वापरलं नाही.

अंबाझरी_ओव्हरफ्लो
सोडा कुठं म्हटलं मी? मी म्हटलं विल्सनला देव करू नका.

इतवारीची_सून
सगळे पुरुष मनोऱ्यावर चढलेत, मी जरा खाली मेरीकडे येते.

खामलेकर भाऊ म्हणतात मेरीची फरफट खरी. अहो पण तिची फरफट केली कोणी ते पण बघा. विल्सन तिला सत्य सांगायचं म्हणून खुर्चीवर बसवतो, वडील बाजूला, आणि छावण्यांची रिळं लावतो. ती रिळं सिनेमासाठी बनवलेली नाहीत हो, खरी आहेत, छावण्या मुक्त केल्या तेव्हा शूट केलेली. हॉलिवूडच्या गोष्टीच्या सिनेमात असं फुटेज पहिल्यांदा इथंच दिसलं, युद्ध संपून वर्षही झालं होतं नव्हतं. प्रोजेक्टरचा उजेड विल्सनच्या तोंडावर, मेरीच्या तोंडावर, आणि ती नाही नाही म्हणत राहते. बरं, तिला पटवायचं कारण काय, तर ती बिथरली की नवरा तिला मारायला जाईल आणि पुरावा मिळेल. विल्सन हे जवळपास तोंडानं बोलून दाखवतो. म्हणजे बायकोला आमिष म्हणून बांधलंय. नवऱ्यानं वापरली, तपास करणाऱ्यानं पण वापरली. याच्यावर कोणी रागावलं का हॉलमध्ये?

आणि "शेजाऱ्यांच्या गळ्यात पडतं" म्हणालात ना, तर सगळेच काही मेरीसारखे नाही नाही करत बसत नाहीत. आइकमन कसा सापडला माहीत आहे का? मोसाद मोसाद करतात सगळे. ब्युनोस आयर्सला लोथार हर्मन नावाचा जर्मन ज्यू राहायचा, डाखाऊच्या छावणीत राहून आलेला, डोळ्यांनी जवळपास आंधळा. त्याची पोरगी सिल्व्हिया एका मुलासोबत फिरायची, तो मुलगा क्लाउस आइकमन. आडनाव पण बदललं नव्हतं पोरानं! घरी येऊन ज्यूंबद्दल काहीबाही बोलून गेला, बापाच्या लक्षात आलं. पुढे ती पोरगी स्वतः त्यांच्या घरी जाऊन बघून आली, बाप आहे का म्हणून. वयात आलेली पोरगी, एकटी, त्या घरात. हर्मननं कळवलं फ्रिट्झ बाउअरला, फ्रँकफर्टचा सरकारी वकील, आणि बाउअरनं स्वतःच्या सरकारवर भरोसा नाही म्हणून गुपचूप इस्राएलला. इस्राएलनं तरी आधी दोन-तीन वर्षं फार मनावर घेतलं नाही. १९६० च्या मे महिन्यात उचलला. मला विचाराल तर थ्रिलर तिथं आहे, त्या दारावरच्या बेलमध्ये.

तर्रीपोहे_एक्स्ट्रा
वहिनी हे मले माईत नवतं. याच्यावर एक पिक्चर जबरदस्त होईन.

रिटायर्ड_रेल्वे
नमस्कार मंडळी. मी वयानं मोठा, थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका.

आपल्या घरचंच उदाहरण कोणी घेतलं नाही. १९७१ नंतर आपल्याकडे ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैदी होते. त्यातल्या १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचा खटला भरायचा असं बांगलादेशानं ठरवलं होतं, नावं ठरली होती. आणि एप्रिल १९७४ मध्ये दिल्लीत तिन्ही देशांचा करार झाला, ते १९५ सुद्धा बाकीच्यांसोबत परत पाठवले. ते पळाले नव्हते. आपण पाठवले. मी तेव्हा रेल्वेत नवीन होतो, डब्यात पेपर वाचून लोक म्हणायचे बरं झालं, कटकट मिटली, जेवू घालायचा खर्च वाचला. बांगलादेशानं पुढे २०१० मध्ये स्वतःचं न्यायाधिकरण काढलं, पण ते पाकिस्तानी सैन्याच्या तिथल्या साथीदारांसाठी. गुलाम आझमला २०१३ ला ९० वर्षांची शिक्षा दिली तेव्हा तो स्वतःच नव्वदीचा होता, पुढच्याच वर्षी वारला.

आता माझा मुद्दा. नव्वदीच्या माणसाला खुर्चीवर बसवून कोर्टात आणायचं, त्याला धड ऐकू येत नाही, यात काय मिळतं? रवांडाच्या वंशसंहारातला आरोपी काबुगा २०२० ला पॅरिसजवळ सापडला, पंचवीस-सव्वीस वर्षं फरार होता, आणि २०२३ ला कोर्टानंच सांगितलं की याला स्मृतिभ्रंश झालाय, खटला चालवता येत नाही. मी माझ्या मोठ्या भावाला असाच पाहिलाय, त्याला आपल्या बायकोचं नाव आठवत नव्हतं. अशा माणसाला भूतकाळ कुठला आणि सामोरं जाणं कुठलं. मरू द्या घरी.

उत्तर_नागपूर_७७
काका, ज्यांना त्यानं मारलं ते नव्वदीपर्यंत पोचले नाहीत ना.

काळा_कोट_नागपूर
काका, मान ठेवून. वयावर सोडायचं ठरवलं तर पळून जाण्यालाच बक्षीस दिल्यासारखं होतं, जितका जास्त दिवस लपला तितका जास्त सुटला. म्हणूनच १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत करार झाला की युद्धगुन्ह्यांना मुदतीची मर्यादा नाही, भारतही त्यात आहे. तब्येतीचं वेगळं, ते डॉक्टर आणि कोर्ट पाहतात, काबुगाच्या केसमध्ये पाहिलंच. आणि ऑस्कर ग्रोनिंग ९४ वर्षांचा असताना उभा राहिलाच की, आउशवित्झला कैद्यांच्या पैशांचा हिशेब ठेवायचा, चार वर्षं शिक्षा झाली. तो तर म्हणालाही की नैतिकदृष्ट्या मी दोषी आहे. खामलेकर, हा तुमच्या "कोणीच तोंड देत नाही" च्या यादीत कुठं बसतो?

रिटायर्ड_रेल्वे
चार वर्षांतला एक दिवस तरी आत गेला का तो? अर्ज-विनंत्या चालू असतानाच २०१८ ला वारला असं वाचलंय मी.

काळा_कोट_नागपूर
नाही गेला. पण निकाल राहिला काका. जर्मनीत पुढच्या केसेसना तोच निकाल कामी आला, की छावणीत प्रत्यक्ष हातानं मारलं नाही तरी यंत्रणा चालवली म्हणून दोषी.

खामलेकर
ग्रोनिंग म्हणाला नैतिक दोषी, कायद्याचं तुम्ही ठरवा. हे तोंड देणं आहे का हिशेब बसवणं? अर्धी रक्कम आपण भरली, अर्धी कोर्टावर ढकलली. हिशेबनीसच होता ना शेवटी.

इतवारीची_सून
मग ड्युख घ्या. कंबोडियाचा, फ्नोम पेन्हच्या एस-२१ जेलचा प्रमुख, जिथं बारा हजारांच्या वर माणसं छळ करून मारली. शाळा होती ती आधी, आणि हा स्वतः आधी गणिताचा मास्तर. खमेर रूजची, म्हणजे ज्यांच्यासाठी तो जेल चालवायचा त्यांची, सत्ता गेल्यावर नाव बदलून गायब, ख्रिश्चन झाला, मदत संस्थेत काम करायचा, १९९९ ला एका फोटोग्राफरनं ओळखला. आणि यानं कबूल केलं! त्याला २००८ ला त्याच जेलमध्ये परत नेलं तपासासाठी, तिथं रडला म्हणतात. कोर्टात माफी मागितली, जबाबदारी घेतली. माइनिकेसारखाच की, देवाकडे गेलेला. म्हणजे असा माणूस असतो खामलेकर भाऊ.

खामलेकर
पुढचं पण सांगा ना वहिनी. महिनोन् महिने माफी मागून झाल्यावर अगदी शेवटच्या दिवशी, २००९ ला, तोच उठून म्हणाला आता मला सोडा, घरी जाऊ द्या. त्याच्या स्वतःच्या एका वकिलाला धड कळेना आता काय बोलायचं. वाचलेल्या लोकांना कसं वाटलं असेल? अपिलात २०१२ ला जन्मठेप झाली. मी तर म्हणतो माझा मुद्दा याच्यापेक्षा चांगला कोणी मांडलाच नाही.

इतवारीची_सून
मला तसं नाही वाटत. शेवटी घाबरला म्हणून आधीचं सगळं नाटक होतं का? मला वाटतं दोन्ही खरं असेल, रडला पण खरा आणि सुटायचं पण खरं होतं. तुम्हाला माणूस एकदम साफ पाहिजे, एक तर राक्षस नाही तर पश्चात्तापानं मोडलेला. मग तुम्ही आणि ती घड्याळाची तलवार, फरक काय उरला? असा पिक्चर कोणी काढला, व्हिलन खरंच माफी मागतो आणि मग म्हणतो सोडा, तर त्याला टाळ्या पण वाजणार नाहीत आणि शिट्ट्या पण नाही.

तर्रीपोहे_एक्स्ट्रा
पाहाले कोन येईन मंग? डिस्ट्रिब्युटरबी नाई येनार. मले बनवाचा असन तं मी कराडझिचवर बनविन. बोस्नियातल्या सर्ब लोकायचा पुढारी, युद्धगुन्ह्याचा खटला अंगावर आन हा बेलग्रेडमदी दाढी वाढवून, डोक्यावर केसाची गुंडी बांधून ड्रागान डाबिच नावाचा बाबा बनून बसला! हातानं ऊर्जा देतो म्हने, आरोग्याच्या मासिकात लेख लिवून राहिला, स्टेजवर भाषन देऊन राहिला, लोकं समोर बसून आयकून राहिले. २००८ ले बसमदी पकडला. आपल्याइकडं असता तं आतालोक आश्रम झाला असता आन तुमीच लाईनीत असते. कोर्टबी झालं, आदी ४० वर्सं आन मंग अपिलात जन्मठेप, २०१९ ले. घ्या खामलेकर, तलवार नाई, मनोरा नाई, झालं समाधान?

खामलेकर
हा पिक्चर मी पहिल्या दिवशी पहिला शो पाहीन. पण त्यात त्याच्यासमोर बसून ऐकणारे लोक दाखवशील ना? दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो पाहून त्यांचं काय झालं असेल, ज्यानं पाठ दाखवून उपचार करून घेतले त्याचं काय झालं असेल. तेच मी पहिल्यापासून बोंबलून राहिलो.

अंबाझरी_ओव्हरफ्लो
काय होणार, म्हणतील उपचार चांगला होता.

तर्रीपोहे_एक्स्ट्रा
😂😂 हाव, कंबर मोकळी झाली म्हनतीन.

आन एक गोष्ट, येवढं भांडून राहिले सगळे, 'द स्ट्रेंजर' मदल्या साराचं नाव कोनी घेतलं का? मेरीच्या घरची कामवाली मावशी. किंडलरनं मनोऱ्याच्या शिडीची पायरी करवतीनं कापून ठेवलीय आन मेरीले फोन करून बलावते, एकटी ये. मेरी निघाली का सारा छातीले हात लावून खाली पडते, हार्ट अटॅकचं नाटक, मले सोडून जाऊ नको म्हनते. म्हातारीनं येवढं नाटक केलं म्हनून मेरी वाचली. कोर्टानंबी नाई वाचवलं, तुमच्या आयोगानंबी नाई.

काळा_कोट_नागपूर
आयोगानंच सांगून ठेवलं होतं तिला मेरीला एकटी बाहेर सोडू नको म्हणून. विल्सनचं क्रेडिट आहे त्यात.

इतवारीची_सून
सांगितलं होतं फक्त सोडू नको. छातीला हात लावायचं तिचं तिला सुचलं.